नागनिका, नायनिका की नयनिका? एका नावाच्या नोंदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण एका मुलीच्या नावाचे आहे. कुटुंब पुण्यातले, मुलीच्या आईचे माहेर जुन्नर तालुक्यात. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मुद्दाम गाळले आहेत. मी ब्राह्मी लिपीचे वर्ग घेतो. ही आई लग्नाआधी त्यातल्या एका वर्गाला होती, म्हणून नावाचा वाद माझ्यापर्यंत आला. पुढची कागदपत्रांची धावपळही मी जवळून पाहिली.

जुन्नरकडच्या माणसाला नाणेघाट सांगावा लागत नाही. घाटघरच्या पठारावरून खाली वैशाखऱ्याकडे उतरणारी ही वाट सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा ही बंदरे जुन्नरशी, पुढे पैठणशी जोडत होती. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि जवळच एक लेणे. लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर लांबलचक ब्राह्मी लेख आहे. समोरच्या भिंतीवर एकेकाळी आठ मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण कोणाची मूर्ती कुठे होती ते सांगणारी, वर कोरलेली नावे बऱ्यापैकी शाबूत आहेत.

पहिले नाव राजा सिमुक सातवाहनाचे. त्याच्या शेजारच्या दोन मूर्तींना मिळून एकच ओळ आहे : ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. देवी नायनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची, एवढाच तिचा अर्थ. प्रतिमा हा शब्द अध्याहृत. राणीचे नाव आधी, राजाचे नंतर. या क्रमावरच आईचा जीव जडला होता. मुलगी झाली तर हेच नाव, असे नवरा-बायकोत आधीपासून ठरले होते.

ही राणी कोण, याबद्दल फारसा वाद नाही. सातकर्णीची पत्नी, महारठी कुळातली लेक. नवऱ्यामागे लहान मुलगा वेदिसिरी याच्या नावाने तिने कारभार पाहिला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. भिंतींवरच्या मोठ्या लेखात आधी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. मग केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी येते : अश्वमेध, राजसूय, गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे म्हणजे त्या काळची नाणी. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या मोठ्या लेखांपैकी हा एक, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक बाई आहे. अशा राणीचे नाव आज कोणी मुलीला ठेवत नाही, ही आईची खंत होती आणि ती रास्त होती.

अडचण

पहिली अडचण घरातच उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत ही राणी ‘नागनिका’ म्हणून भेटते. मराठीत कित्येक ठिकाणी ‘नागणिका’ असेही छापलेले दिसते. बाळाच्या आजोबांनी ऐकले ते नागनिका. आजींनी ऐकला फक्त नाग.

“अगं, पोरीच्या नावात नाग कशाला? शाळेत पोरं नागीण म्हणतील तिला.”

सुनेने नागपंचमीची आठवण करून दिली. पाटावर गंधाने नाग काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून त्याची पूजा या घरात दरवर्षी होते. आजींचे उत्तर तयार होते : “पूजा करणं वेगळं, हाक मारणं वेगळं.” याला प्रत्युत्तर नाही. नागेश, नागनाथ, नागोजी ही पुरुषांची नावे आपण बिनदिक्कत ठेवत आलो. औंढ्याला जाऊन आलेल्याच्या घरी नागनाथ जन्मतो, गोव्यात बांदोड्याच्या देवावरून नागेश होतो. बाईच्या नावात नाग आला की मात्र त्याची नागीण होते. अन्याय आहे, पण वर्गातल्या पोरांना तो कळत नाही, आणि आजी वर्गातल्या पोरांबद्दलच बोलत होत्या.

दुसरी अडचण अर्थाची. मुलीच्या बाबांनी मोबाईलवर शोध घेतला. नावांच्या एका यादीत ‘नायनिका म्हणजे सुंदर डोळ्यांची’ असे निघाले. आजी खूश झाल्या. आई वैतागली, कारण लेण्यातल्या राणीचा डोळ्यांशी काही संबंध नाही हे तिला ठाऊक होते. पण मग ‘नाय’ म्हणजे काय, हे तिला नेमके सांगता येत नव्हते. आजोबांना वेगळीच शंका : दगड झिजलाय, वाचणाऱ्याने ग चा य केला नसेल कशावरून?

तिसरी अडचण अजून कोणाच्या लक्षातही आली नव्हती. ती नोंदणीच्या खिडकीत वाट पाहत होती.

नावाचा अर्थ आणि त्याची रूपे

आजोबांची शंका सोडवायला सोपी होती. ब्राह्मीतला ग म्हणजे घराच्या आढ्यासारखे दोन तिरपे फाटे, बस. य मध्ये खाली गोलाई आणि वर तीन टोके. अक्षर झिजून ग चा य होत नाही. झिजून झालाच तर नुसता ओरखडा होईल. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये हे लेणे अभ्यासकांच्या नजरेस आणले, भगवानलाल इंद्रजींनी त्यातले आकडे उलगडले आणि जर्मन अभ्यासक ब्यूलरने १८८३ मध्ये लेख छापला, तो ‘नायनिका’ याच वाचनाने. शेवटचा ‘य’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे, म्हणून नाव ‘नायनिका’, ‘नायनिकाय’ नव्हे. काही उत्साही मंडळी प्रत्ययासकट नाव ठेवू पाहतात, म्हणून हे सांगितले.

मग ‘नागनिका’ आले कुठून? तेही खरेच आहे. जुन्नर भागातून मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर ती सातकर्णीबरोबर ‘नागनिका’ म्हणून येते. म्हणजे एकाच बाईची दोन रूपे, दोन्ही तिच्याच काळाच्या आसपासची. ण असलेले तिसरे रूप मात्र नंतरच्या लेखकांच्या सवयीचे वाटते. प्राकृत म्हटले की न चा ण करायचा, या पाठांतराचे ते फळ असावे.

दोन्ही रूपांमधला धागा प्राकृतात आहे आणि जुन्नरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. दोन स्वरांमधला ग प्राकृतात सैल पडतो, त्याच्या जागी हलका य येतो. नगरचे नयर झाले, नयरचे नेर झाले. संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर ही सगळी त्याच रांगेतली. खुद्द जुन्नर हे जीर्णनगराचे झिजलेले रूप मानले जाते. नगरचा ग ज्या वाटेने गेला त्याच वाटेने नागाचा ग गेला आणि नागनिकेची नायनिका झाली. तेव्हा ‘नाय’ म्हणजे नागच. तो नागकुळाचा की नागदेवतेचा, यावर मते आहेत; डोळ्यांचा नाही, यावर नाहीत. नयन या शब्दातल्या न ला काना नसतो, एवढे पाहिले तरी काम भागते.

इथे एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. मोठ्या लेखात राणीला ‘नागवरदयिनिय’ असे विशेषण आहे आणि तिथे ग जागच्या जागी आहे. त्याच लेखात ‘सगरगिरिवरवलयाय’ हा भारदस्त समास आहे, त्यातलेही ग धडधाकट आहेत. म्हणजे ग टाकून देण्याची त्या कोरणाऱ्यांची सरसकट रीत नव्हती. ग गळला तो मूर्तीवरच्या नावात. राणीच्या मुलाच्या बाबतीतही असेच दिसते. मोठ्या लेखात ‘सतिसिरि’, मूर्तीवर ‘हकुसिरि’. शक्तिश्रीची ही दोन रूपे एकाच राजपुत्राची, असे अनेक अभ्यासक मानतात. माझे मत असे की यज्ञांची यादी आणि नाणे हे दरबारी मामले, तिथे नाव इस्त्री करून येते. मूर्तीच्या डोक्यावर लिहिले ते घरात, वाड्यात, रोजच्या तोंडी असलेले नाव. हे सिद्ध करता येणार नाही, पण लेण्यातला पुरावा याच बाजूला झुकतो.

समोरचे पर्याय

जन्माच्या आधीच, बैठकीच्या खोलीत, तीन पर्याय मांडले गेले.

नागनिका : पुस्तकांत मिळणारे, नाण्यावरचे, अर्थ लगेच कळणारे. आजोबांचा कौल याला. तोटा एकच, आणि तो आजींनी सांगितलाच होता.

नायनिका : लेण्यातले. उच्चाराला मऊ. अर्थ विचारला तर दोन वाक्ये सांगावी लागतात, आणि दरवेळी कोणीतरी ‘नयनिका का?’ विचारणार हे उघड दिसत होते.

नयनिका : आजींनी मध्येच सुचवलेली तडजोड. नाव गोड आहे, त्यात वावगे काहीच नाही. पण ते वेगळे नाव आहे. राणीशी त्याचे नाते नाही. आईने ते साफ नाकारले.

बाळ जन्मले आणि गुरुजींनी पत्रिका मांडली. अनुराधा नक्षत्र, पहिले चरण, अक्षर ‘ना’. नयनिका आपोआप मागे पडली. नावरसाच्या अक्षरावर माझा स्वतःचा विश्वास नाही, पण घरातला तिढा त्याने सोडवला हे नोंदवायला हवे. उरलेल्या दोघींत निवड आईने केली आणि आजींनी मान डोलावली : नायनिका. नाग आत आहे, पण हाकेत ऐकू येत नाही. आजोबा म्हणाले, “म्हणजे ग फक्त आपल्याला माहीत.” बारशाला आत्याने कानात तेच सांगितले, पाळण्याच्या गाण्यात तेच बसवले.

काय घडले

निर्णय बारशाच्या आधी झाला होता, तरी घोळ व्हायचा तो झालाच. रुग्णालयातून घरी सोडताना जन्मनोंदीचा अर्ज भरायचा होता. मराठी नावाच्या चौकटीत आईने स्वतःच्या हाताने ‘नायनिका’ लिहिले. रोमन लिपीच्या चौकटीत बाबांनी एन-ए-वाय-ए-एन-आय-के-ए अशी अक्षरे भरली. रोमन लिपीत न आणि ना दोघांनाही तीच दोन अक्षरे. पुढे नोंद संगणकावर चढली तेव्हा रोमन नावावरून मराठी नाव आपोआप तयार झाले आणि दाखला आला तो ‘नयनिका’ या नावाने.

दाखला हातात घेणाऱ्या बाबांनी रोमन नाव तपासले, जन्मतारीख तपासली, आई-वडिलांची नावे तपासली आणि तो फाईलला लावला. काना नसल्याचे आईच्या लक्षात आले, पण बरेच दिवसांनी, आधार काढायला निघाल्यावर.

आता प्रश्न नव्याने उभा राहिला आणि तो आधीच्यापेक्षा अवघड होता, कारण आता प्रत्येक उत्तराला कागद लागणार होता. आजींचे मत सरळ : “देवानंच नयनिका केली, राहू दे.” बाबा दमले होते, कागदावर काहीही असो, घरी नायनिका म्हणू, असे त्यांचे म्हणणे. आजोबांना यात संधी दिसली : दुरुस्ती करायचीच आहे तर सरळ नागनिका करून टाकू.

हा खरा निर्णयाचा क्षण होता, आणि इथे कायद्यातला एक फरक कामी आला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार नोंदीतली लेखनाची किंवा तपशिलाची चूक निबंधक दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून त्यावर सही आणि तारीख घातली जाते. पण चूक दुरुस्त करणे आणि नाव बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या. नयनिकाचे नायनिका करणे ही लेखनातली चूक म्हणून दाखवता येत होती. नागनिका हे नाव अर्जात कुठेच नव्हते, म्हणजे ते मागितले असते तर प्रकरण नाव बदलण्याच्या लांबच्या रस्त्याला लागले असते. आजोबांना हे पटायला एक संध्याकाळ लागली.

कागदावर एक आणि घरी दुसरे, या बाबांच्या सूचनेला मी विरोध केला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा मुख्य पुरावा धरला जातो. बाकीचे सगळे कागद या एका कागदावरून पुढे निघतात. दाखल्यावर जे नाव आहे तेच शाळेच्या हजेरीपटावर येणार, आणि पाचव्या वर्षी मुलगी घरी येऊन विचारणार की माझे खरे नाव कोणते.

उचललेली पावले

सगळे प्रकरण एका फोटोवर फिरले. अर्ज देण्याआधी आईने सवयीने त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात मराठी चौकटीतले ‘नायनिका’ स्वच्छ वाचता येत होते, ना चा काना ठसठशीत. चूक टंकनात झाली, अर्जात नाही, हे सांगायला तो पुरेसा होता.

नोंदणी कार्यालयात पहिल्या फेरीला कर्मचाऱ्याने हेच विचारले जे सगळे विचारतात : “नयनिकाच ना? नायनिका असं नाव असतं का?” आईने त्याला लेण्यातली ओळ सांगायला सुरुवात केली. बाबांनी तिचा हात दाबला आणि अर्जाची छापील प्रत पुढे केली. माझ्या मते बाबांचे बरोबर होते. नाव अस्तित्वात आहे की नाही हे कार्यालयाला ठरवायचे नसते. मूळ अर्जात काय लिहिले होते एवढेच पाहायचे असते. इतिहासाचे टिपण जोडले असते तर उगाच शंकेला जागा झाली असती.

लेखी अर्ज, मूळ दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रे, दोघांच्या सहीचे प्रतिज्ञापत्र आणि रुग्णालयाकडच्या मूळ अर्जाची प्रत, इतके कागद गेले. शेवटची प्रत मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागला. फोटोवरून खात्री पटली, पण फाईलला लावायला शिक्क्याची प्रतच लागली.

रोमन नावाचे काय, हा प्रश्न याच टप्प्यावर निघाला. ना साठी एन पुढे दोन ए घालून घ्यावेत, असे मी सुचवले होते, कारण तीच अक्षरे राहिली तर पुढच्या प्रत्येक संगणकावर हाच घोळ होणार. आई-बाबांनी ते घेतले नाही. अर्जात रोमन नाव त्यांनीच तसे भरले होते. ते बदलायला गेलो तर ‘चूक’ हा आधार कच्चा होतो, ही त्यांची भीती. ती अगदीच निराधार नव्हती. दुरुस्ती फक्त मराठी नावापुरती मागितली.

निष्पत्ती

दुरुस्त दाखला मिळाला. मराठीत नायनिका, रोमन जसे होते तसे. त्यानंतर बाल आधार काढताना माझी शंका खरी ठरली. चालकाने रोमन अक्षरे भरली आणि पडद्यावर मराठीत पुन्हा ‘नयनिका’ उमटले. या वेळी आई शेजारी उभी होती. तिने पडदा आपल्याकडे वळवून घेतला, काना घालून घेतला आणि मगच पुढे जाऊ दिले.

आजी नातीला ‘नायने’ म्हणून हाक मारतात. आजोबा कोणी नवे घरी आले की नाव सांगून थांबतात, समोरचा ‘नयनिका?’ म्हणेपर्यंत वाट पाहतात आणि मग संगमनेरपासून सुरुवात करतात. पाहुण्यांची सुटका व्हायला वेळ लागतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घाई. नाव न लिहिताही जन्माची नोंद होते. कलम १४ त्यासाठीच आहे. नाव नंतर कळवता येते, पहिल्या १२ महिन्यांत विलंब शुल्काशिवाय, आणि पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. या कुटुंबाला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर रुग्णालयाच्या खिडकीत, बाळ रडत असताना, गाडी खाली उभी असताना अर्ज भरावा लागला नसता. घरी बसून दोन्ही लिपींतले नाव शेजारी शेजारी लिहून पाहता आले असते, आणि रोमनमधून नायनिका परत वाचली की ती नयनिका होते हे तिथेच दिसले असते.

रूप निवडताना घराने खूप विचार केला, पण तो सगळा देवनागरीतच. नागनिका निवडले असते तर रोमनचा हा घोटाळा टळला असता, कारण ग रोमनमध्येही ठळक दिसतो. म्हणून तेच निवडायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. आजींची हरकत खरी होती आणि लेण्यातले रूप जास्त जवळचे होते. पण तुलनेच्या यादीत हा मुद्दा असायला हवा होता आणि तो नव्हता.

नावांच्या याद्यांवरचा अर्थ बघून निर्णय घेतला नाही, हे योग्यच झाले. पण त्या यादीमुळे आजींच्या मनात ‘सुंदर डोळ्यांची’ जे बसले ते अजून निघालेले नाही. आई आता त्यावर वाद घालत नाही. जूनमध्ये बालवाडीचा अर्ज भरायचा आहे; त्यात मराठी नाव आपणच हाताने लिहायचे, आणि नावनोंदणीची छापील पावती हातात पडली की सही करण्याआधी काना बघायचा, असे तिने बाबांना सांगून ठेवले आहे.